चौघांचा हल्ला, सात जणांचा पहारा

९ फेब्रुवारी २०२५. न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये कॅन्सस सिटी चीफ्सचा संघ सलग तिसरं विजेतेपद जिंकायला उतरला होता. सुपर बोलच्या, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या अंतिम सामन्याच्या, इतिहासात सलग तीन वर्षं कुणीच जिंकलेलं नव्हतं. पण चीफ्सकडे क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स होता, त्यामुळे हेही घडेल असं अनेकांना वाटत होतं. मध्यंतराला गुणफलक पाहिला तेव्हा फिलाडेल्फिया ईगल्सचे २४ गुण झाले होते आणि चीफ्सचा भोपळाही फुटला नव्हता. सामन्याच्या पूर्वार्धात महोम्सच्या संघाला सारा मिळून २३ यार्डांचा पल्ला गाठता आला. सामना ४०-२२ असा संपला. चेंडू हातात असतानाच महोम्सला सहा वेळा जमिनीवर लोळवलं गेलं. एका सामन्यात इतक्या वेळा अशी वेळ त्याच्यावर पूर्वी कधी आली नव्हती.

त्या रात्रीची खरी थक्क करणारी गोष्ट गुणफलकावर दिसत नव्हती. ईगल्सनी संपूर्ण सामन्यात एकदाही ब्लिट्झ केला नाही. म्हणजे महोम्सवर धावून जायला नेहमीच्या चौघांखेरीज पाचवा माणूस त्यांनी कधी पाठवलाच नाही. जॉश स्वेट, मिल्टन विल्यम्स, जेलन कार्टर आणि त्यांचे आलटून पालटून येणारे साथीदार एवढ्यांनीच काम फत्ते केलं, आणि मागे सात जण पहाऱ्याला मोकळे राहिले.

चौघांत हे साधायचं कसं, या एका प्रश्नाभोवती अमेरिकन फुटबॉलमधल्या बचावाचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास फिरत आला आहे.

प्रश्नाचं मूळ साध्या वजाबाकीत आहे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. आक्रमक संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात स्नॅपने होते: मधोमध वाकून उभा असलेला सेंटर चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो. सेंटरच्या दोन्ही बाजूंना एकेक गार्ड आणि गार्डच्या बाहेर एकेक टॅकल. हे पाच धिप्पाड गडी म्हणजे क्वार्टरबॅकची तटबंदी. त्यांना पुढे धावत जाऊन पास झेलायची मुभा नसते. ती मुभा क्वार्टरबॅक सोडून उरलेल्या पाच जणांना, म्हणजे रिसीव्हरांना, असते. क्वार्टरबॅकने चेंडू कुणाकडे फेकायचा हे ठरवून तो हातावेगळा करायला अडीच-तीन सेकंद मिळतात. त्याहून जास्त वेळ मिळाला, तर जगातला उत्तमातला उत्तम बचावपटूसुद्धा धावत्या रिसीव्हरला धरून ठेवू शकत नाही.

आता बचावाची बाजू. चार जण क्वार्टरबॅकवर धावून गेले, तर पाच रिसीव्हरांवर लक्ष ठेवायला सात जण उरतात. म्हणजे दोघे जास्तीचे. सहा जण धावले, तर मागे पाचच उरतात, ज्याला त्याला आपला एकेक माणूस. मैदान जवळपास ५३ यार्ड रुंद असतं. त्यात एकाचा पाय घसरला की थेट टचडाउन, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या रेषेपार. जास्त माणसं पाठवली तर दडपण वाढतं आणि धोकाही वाढतो. कमी पाठवली तर धोका टळतो, पण क्वार्टरबॅक निवांत उभा राहून मैदान न्याहाळतो. शिवाय तटबंदीत पाच जण आणि हल्ल्याला चार, म्हणजे हल्ल्यातल्या एकाला नेहमीच दोघांशी झुंजावं लागतं.

म्हणूनच कोण कुठे उभा राहतो, याला या खेळात फार मोठं महत्त्व आहे. बचावाच्या पहिल्या फळीची जी मांडणी, तिला फ्रंट म्हणतात. दोन अडवणाऱ्यांमधल्या प्रत्येक फटीला नाव असतं: सेंटर आणि गार्डमधली ‘ए’, गार्ड आणि टॅकलमधली ‘बी’, टॅकलच्या बाहेरची ‘सी’. बचावपटू नेमका कुणासमोर आणि त्याच्या कुठल्या खांद्याला उभा आहे, यालाही आकडे असतात. सेंटरच्या अगदी समोर उभा राहतो तो शून्य, गार्डच्या बाहेरच्या खांद्याला तीन, टॅकलच्या बाहेरच्या खांद्याला पाच, आणि सगळ्यात बाहेर, टॅकलशेजारच्या टाइट एंडच्याही पलीकडे, नऊ. टेक्सासमध्ये शाळकरी मुलांना शिकवत असताना बम फिलिप्स यांनी अशी आकड्यांची पद्धत वापरली, अलाबामाचे ख्यातनाम प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी ती उचलली, आणि आज शाळेपासून एनएफएलपर्यंत सगळे हीच भाषा बोलतात. फूट-दीड फुटाचा फरक, पण त्या फरकावर समोरच्या पाच जणांपैकी कुणाची कुमक कुणाला मिळणार हे ठरतं.

१९५० च्या दशकात न्यूयॉर्क जायंट्सच्या बचावाची सूत्रं टॉम लँड्री यांच्याकडे होती. पुढे चार आणि त्यांच्या मागे तीन लाइनबॅकर अशी ४-३ ची मांडणी त्यांनी तिथे घोटून पक्की केली. मधल्या लाइनबॅकरच्या जागी १९५६ मध्ये सॅम हफ हा नवखा खेळाडू आला आणि त्याच वर्षी जायंट्स विजेते ठरले. चार जण पुढे ठेवायचे हा पायंडा तेव्हापासून घट्ट झाला.

पण केवळ त्या चौघांच्या बळावर क्वार्टरबॅकची झोप उडवता येते, हे दाखवलं लॉस एंजेलिस रॅम्सनी. डीकन जोन्स, मर्लिन ओल्सन, रोझी ग्रिअर आणि लमार लंडी यांना साठच्या दशकात ‘फिअरसम फोरसम’ म्हणत. त्यातला जोन्स फ्लोरिडातल्या ईटनव्हिलचा. १९६१ च्या खेळाडू-निवडीत तो थेट चौदाव्या फेरीत घेतला गेला होता, म्हणजे कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. क्वार्टरबॅकला पाडण्याची, म्हणजे सॅकची, अधिकृत नोंद ठेवायला एनएफएलने १९८२ मध्ये सुरुवात केली. तोवर जोन्स निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती. जुन्या सामन्यांची कागदपत्रं चाळून अभ्यासकांनी त्याच्या नावावर १७३.५ सॅक मोजले आहेत. (दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाला अर्धा.) अडवणाऱ्याच्या शिरस्त्राणावर सणसणीत चापट मारून त्याला क्षणभर गांगरवून टाकायचं, हे त्याचं हुकमी अस्त्र होतं. १९७७ मध्ये त्यावर बंदी आली.

पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, नियम आणखी बदलले. तटबंदीतल्या खेळाडूंना हात लांब करून उघड्या पंजांनी ढकलायची परवानगी मिळाली आणि पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्का देण्यावर बंधन आलं. प्रेक्षकांना चेंडू हवेत उडताना पाहायचा होता आणि लीगने तसा कौल दिला. पासिंगचं युग सुरू झालं, आणि क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचणाऱ्या माणसाचं मोल त्याच दिवसापासून वाढत गेलं.

त्याआधी पिट्सबर्गमध्ये आणखी एक धडा गिरवला गेला होता. स्टीलर्सचा जो ग्रीन १९७४ च्या हंगामात सरळ समोर उभा राहायचं सोडून सेंटर आणि गार्डच्या मधल्या फटीत तिरका उभा राहू लागला. उभं राहण्याचा कोन बदलल्यामुळे दोघांना एकट्या ग्रीनमध्ये गुंतावं लागलं आणि त्याच्या साथीदारांना मोकळीक मिळाली. जानेवारी १९७५ मधल्या सुपर बोलमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जना चेंडू घेऊन धावताना अख्ख्या सामन्यात १७ यार्ड मिळाले. फ्रंट म्हणजे नुसती ताकद नाही, तो भूमितीचाही विषय आहे, हे तेव्हा स्पष्ट झालं.

मग आला लॉरेन्स टेलर. १९८१ च्या निवडीत जायंट्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. जायंट्स ३-४ खेळत असत: पुढे तीन, मागे चार लाइनबॅकर. या मांडणीत चौथा हल्लेखोर कोण, हे स्नॅप होईपर्यंत समोरच्यांना कळत नाही. टेलर बाहेरच्या बाजूला उभ्याने खेळायचा. वेग धावपटूचा आणि धडक पहिल्या फळीतल्या लाइनमनची. तोवर अशा लाइनबॅकरला अडवायचं काम चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅककडे असे. टेलरपुढे ते बिचारे उडून पडत. जानेवारी १९८२ च्या बाद फेरीत सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी जॉन एअर्स या गार्डला मागे सरकवून खास टेलरवर नेमलं आणि सामना जिंकला. मात्र हा तात्पुरता इलाज होता. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची डावी बाजू पाठीमागे राहते आणि टेलर तिथूनच येत असे. त्यामुळे डाव्या टॅकलच्या जागेला पुढे सोन्याचा भाव आला.

१८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन टेलरच्या धडकेखाली सापडला आणि त्याच्या पायाचं हाड मोडून बाहेर आलं. टेलर स्वतःच हवालदिल होऊन मदतीसाठी हातवारे करत होता. थाइसमन पुन्हा कधी खेळला नाही. ज्या कौशल्याचं इथे कौतुक चाललं आहे, त्याची किंमत ही अशी हाडामांसाची असते. क्वार्टरबॅकच्या डोक्याला, गुडघ्याला, चेंडू फेकून झाल्यावर त्याच्या अंगाला हात लावण्याविरुद्ध पुढे जे कडक नियम झाले, ते बचावपटूंना कितीही जाचक वाटोत, व्हायलाच हवे होते. १९८६ मध्ये २०.५ सॅक करणाऱ्या टेलरला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं गेलं. त्यानंतर आजवर एकाही बचावपटूला तो मान मिळालेला नाही.

त्याच सुमारास शिकागो बेअर्सच्या बचावाचे सूत्रधार बडी रायन यांनी अगदी उलट वाट धरली होती. त्यांचा ‘४६’ बचाव डग प्लँक या सेफ्टीच्या, म्हणजे सर्वांत मागच्या बचावपटूच्या, जर्सीच्या क्रमांकावरून ओळखला जाई. त्यात दोन्ही गार्ड आणि सेंटर या तिघांच्याही समोर एकेक लाइनमन उभा असे. त्यामुळे आत कुणालाच दुसऱ्याच्या मदतीला जाता येत नसे. दोन लाइनबॅकर एकाच अंगाला, सेफ्टी पुढे सरकलेला, आणि एकूण आठ जण समोर दाटीने उभे. १९८५ च्या हंगामात बेअर्स संघ १५ सामने जिंकला आणि एक हरला. बाद फेरीतल्या दोन सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळाला नाही. सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा ४६-१० असा धुव्वा उडाला आणि पहिल्या फळीच्या टोकाला खेळणारा डिफेन्सिव्ह एंड रिचर्ड डेंट सामन्याचा मानकरी ठरला. सामना संपल्यावर खेळाडूंनी मुख्य प्रशिक्षक माइक डिट्का यांच्याबरोबर रायन यांनाही खांद्यावर उचलून नेलं.

पण बेअर्सचा तो एकमेव पराभव जास्त बोलका आहे. २ डिसेंबर १९८५ ला मायामीत डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक डॅन मरीनोने त्यांना ३८-२४ ने हरवलं. डॉल्फिन्सनी रिसीव्हर दूरदूर पसरवले, बचावपटूंना एकेकट्याने त्यांच्यामागे धावायला लावलं आणि मरीनोने हल्ला पोहोचायच्या आत चेंडू सोडून दिला. आठ जण पुढे आले की मागे किती उरतात, ही वजाबाकी कुणालाच चुकत नाही. पुढच्या वर्षांत हाच उतारा सगळ्यांनी वापरला आणि ४६ हा रोजचा बचाव न राहता अधूनमधून बाहेर काढायचं हत्यार झालं.

यातून वाट काढली डिक लबो यांनी. डेट्रॉइट लायन्सकडून चौदा हंगाम खेळून ६२ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याचे हवेतच पकडलेले पास) घेतलेले लबो ऐंशीच्या दशकात सिनसिनाटीच्या बचावाचे सूत्रधार होते. मायामीच्या १९७२ च्या अजिंक्य संघाचा बचाव रचणारे बिल आर्न्सपार्गर यांच्याशी त्यांनी चर्चा केली. क्वार्टरबॅकवर दडपण तर आणायचं, पण मागे उघडं पडायचं नाही, हा त्या चर्चेचा गाभा होता. लबोंनी शोधलेला उपाय असा: एका बाजूने लाइनबॅकर किंवा सेफ्टी हल्ल्याला पाठवायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूच्या लाइनमनने दोन पावलं पुढे टाकल्यासारखं करून उलट मागे सरकायचं. हल्लेखोरांची संख्या फारशी वाढत नाही, फक्त माणसं बदलतात. क्वार्टरबॅक घाईने जिथे चेंडू फेकतो, नेमका तिथेच तीनशे पौंडांचा गडी उभा असतो. याला झोन ब्लिट्झ म्हणतात.

फसवणुकीच्या या कलेचं सगळ्यात नाट्यमय उदाहरण १ फेब्रुवारी २००९ ला टॅम्पात घडलं, आणि तेव्हा स्टीलर्सचा बचाव लबोच सांभाळत होते. ॲरिझोना कार्डिनल्स टचडाउनच्या उंबरठ्यावर, मध्यंतराला १८ सेकंद बाकी. लाइनबॅकर जेम्स हॅरिसन क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरवर तुटून पडणार असंच सगळ्यांना वाटत होतं, आणि डावही तसाच होता. पण हॅरिसनने ऐन वेळी मागे पाऊल घेतलं. वॉर्नरचा पास सरळ त्याच्या हातात आला आणि तो १०० यार्ड धावत जाऊन पलीकडच्या टोकाला कोसळला. स्टीलर्स शेवटी चारच गुणांनी जिंकले, २७-२३.

तरीही फसवणुकीपेक्षा शुद्ध ताकदीवर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी २००७ चा जायंट्स संघ हे पाठ्यपुस्तक आहे. त्या वर्षी बचावाची जबाबदारी स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांच्याकडे आली. ते फिलाडेल्फियाचे ब्लिट्झसम्राट जिम जॉन्सन यांच्या हाताखाली तयार झालेले. पहिल्या दोन सामन्यांतच जायंट्सवर ८० गुण चढले. मग ३० सप्टेंबरला त्याच जॉन्सन यांच्या ईगल्सविरुद्ध त्यांनी १२ सॅक केले, त्यातले सहा एकट्या ओसी उमेन्योराचे. स्पॅग्नुओलो यांची युक्ती अशी, की पास अपेक्षित असला की आतल्या दोन जड डिफेन्सिव्ह टॅकलना बाहेर काढायचं आणि त्यांच्या जागीही चपळ डिफेन्सिव्ह एंड उतरवायचे.

३ फेब्रुवारी २००८ ला त्यांच्यासमोर आलेला पेट्रियट्सचा संघ सलग अठरा सामने जिंकून आला होता. साखळीत त्यांनी ५८९ गुण केले होते, म्हणजे सामन्याला सरासरी ३७ च्या आसपास. टॉम ब्रेडीने ५० टचडाउन पास फेकले होते आणि साखळीच्या सोळा सामन्यांत त्याला २१ वेळाच पाडलं गेलं होतं. त्या एका रात्रीत तो पाच वेळा पडला. मूळचा एंड असलेला जस्टिन टक आत सरकून गार्डसमोर उभा राहिला आणि त्या संथ गार्डना त्याचा वेग झेपेना. बाहेरून मायकल स्ट्राहन आणि उमेन्योरा. क्वार्टरबॅक बाजूने आलेला हल्ला पुढे सरकून टाळू शकतो, पण समोरूनच कुणी छातीवर आलं तर पाऊल टाकायलाही जागा राहत नाही. पेट्रियट्सना १४ गुणांवर रोखून जायंट्स १७-१४ ने जिंकले.

आतल्या बाजूने येणाऱ्या दडपणाला तेव्हापासून जास्त किंमत आली, आणि त्याचा कळस म्हणजे रॅम्सचा ॲरन डोनाल्ड. सहा फूट एक इंच उंची, २८० पौंड वजन. या जागेसाठी तो लहानखुराच समजला गेला होता. पण २०१८ मध्ये त्याने २०.५ सॅक केले, तेही बहुतेकदा गार्डच्या खांद्याशी, गर्दीत उभा राहून. २०१७, २०१८ आणि २०२० असा तीनदा तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलमध्ये सिनसिनाटी बेंगल्सना चौथ्या प्रयत्नात एक यार्ड हवा होता. डोनाल्डने जो बरोला कमरेतून धरून गरकन फिरवलं, पास भरकटला आणि रॅम्स विजयी झाले.

पण डोनाल्ड रोज जन्मत नाही. मग बाकीच्या संघांनी काय करायचं? अलीकडच्या प्रशिक्षकांचं उत्तर असं: सहा-सात जण अगदी तोंडाशी उभे करायचे आणि हल्ल्याला पाठवायचे चारच. कोणते चार, हे मात्र प्रत्येक वेळी वेगळं. लेगस्पिनर जसा हाताची तीच ठेवण राखून एखादा गुगली टाकतो, तसाच हा प्रकार. माइक झिमर यांनी मिनेसोटात दोन लाइनबॅकर सेंटरच्या दोन्ही खांद्यांशी उभे करायची पद्धत रूढ केली. त्यांच्यासाठी सेंटर आणि दोन्ही गार्ड अडकून पडतात, आणि स्नॅप होताच ते दोघे मागे निघून जातात. तिघे आत मोकळेच उभे आणि हल्ला भलत्याच बाजूने! बाल्टिमोर रेव्हन्सच्या बचावाचे सूत्रधार असताना माइक मॅकडोनल्ड यांनी २०२३ मध्ये ही विद्या टोकाला नेली. त्यांच्या संघाने ६० सॅक केले, सर्वांत कमी गुण दिले आणि प्रतिस्पर्ध्याकडून सर्वाधिक वेळा चेंडू हिसकावला. तिन्ही याद्यांत एकाच हंगामात पहिला क्रमांक मिळवणारा हा लीगच्या इतिहासातला पहिला संघ ठरला.

आणि महोम्स? त्याला ब्लिट्झ करणं म्हणजे त्याच्याच हातात सामना देणं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टॅम्पा बेच्या बचावाचे सूत्रधार टॉड बोल्स हे एरवी ब्लिट्झचे शौकीन, पण त्यांनी सुपर बोलमध्ये हात आवरता घेतला. चीफ्सचे दोन्ही मुख्य टॅकल जायबंदी होते. चौघांनी महोम्सला रात्रभर पळवलं, मागे दोन्ही सेफ्टी खोल उभे राहिले आणि चीफ्सना एकही टचडाउन करता आला नाही. ३१-९. चार वर्षांनी ईगल्सच्या बचावाचे सूत्रधार विक फँजिओ यांनी तोच विचार आणखी निर्धाराने राबवला. ६६ वर्षांच्या फँजिओंनी १९८६ ते १९९४ या काळात न्यू ऑर्लिन्समध्येच, त्याच सुपरडोममध्ये, सेंट्सच्या लाइनबॅकरना घडवलं होतं. सुपर बोलच्या विजेतेपदाने मात्र त्यांना आयुष्यभर हुलकावणी दिली होती. चीफ्सचा गार्ड जो थूनी त्या दिवशी डाव्या टॅकलच्या जागी खेळत होता. तटबंदीतली ही डागडुजी पहिल्या काही मिनिटांतच उघडी पडली.

बाजारानेही याच हिशेबावर शिक्कामोर्तब केलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ग्रीन बे पॅकर्सनी डॅलसकडून मायका पार्सन्सला घेतलं आणि चार वर्षांसाठी १८.८ कोटी डॉलरचा करार केला. क्वार्टरबॅक नसलेल्या खेळाडूला तोवर इतका मोबदला कधीच मिळालेला नव्हता. चौघांत काम उरकून देणारा एक जण मिळाला, तर मागचे सात निर्धास्त होतात. पॅकर्सनी पैसे मोजले ते या निर्धास्तपणासाठी.

सत्तर वर्षांत मांडण्या बदलल्या, नावं बदलली, नियम बदलले. आठ जण पुढे आणणारे आले आणि मागे सरले. टिकले ते चौघांवर भरवसा ठेवणारे, मग तो भरवसा ताकदीचा असो वा फसव्या मांडणीचा. भारतात सुपर बोल फेब्रुवारीतल्या सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. पुढच्या वेळी तो पाहायला उठलात, तर चेंडू हवेत गेल्यावर त्याच्यामागे नजर नेण्याची घाई करू नका. स्नॅपच्या आधी सेंटर आणि दोन्ही गार्ड यांच्यासमोर कोण उभं आहे ते मोजा, आणि स्नॅपनंतर त्यातले कोण पुढे आले आणि कोण मागे गेले ते पाहा. सामना कुणाकडे झुकतो आहे, हे बऱ्याचदा गुणफलकाच्या आधी तिथेच कळेल.